पाटी भरते म्हणून तिसऱ्या आहेत का? अ‍ॅबलोनच्या मोजणीची पार्श्वभूमी

ऐरोली, दिवाळे, चेंदणी, ठाण्याच्या खाडीकाठी कुठंही तिसऱ्यांचा, म्हणजे चिखलातून वेचायच्या शिंपल्यांचा, विषय काढा, दोन मतं ऐकू येतात. पूर्वी एका ओहोटीत पाटी भरायची, आता भरत नाही, हे एक. अजून भरते की, मग काळजी कसली, हे दुसरं. भांडण असलं तरी दोघांचं माप एकच आहे: एका ओहोटीच्या मेहनतीत किती हाती लागलं. मत्स्यशास्त्रात याला प्रतिश्रम पकड म्हणतात. अ‍ॅबलोन म्हणजे खडकाला चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय. तिच्या बाबतीत या मापानं कसा दगा दिला, ते समजून घेतल्याशिवाय खाडीतल्या तिसऱ्या, खुबे, कालवं यांच्या मोजणीला हात घालू नये असं मला वाटतं. म्हणून ही टिपणी.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मूळ रहिवासी हजारो वर्षं अ‍ॅबलोन खात आले. 1850 च्या दशकात चिनी स्थलांतरितांनी उथळ खडकांवर ते गोळा करायला सुरुवात केली, शतकाच्या अखेरीस जपानी पाणबुडे खोल उतरले. व्यापारी पकड 1957 मध्ये सुमारे 2,400 टनांवर पोचली आणि पुढंही काही वर्षं मोठीच राहिली. कागदावर सगळं ठीक होतं. पण त्या एका आकड्यात पाच जाती एकत्र बांधलेल्या होत्या. लाल आणि गुलाबी उतरणीला लागल्यावर पाणबुडे हिरव्याकडे वळले, मग खोल पाण्यातल्या पांढऱ्याकडे, मग काळ्याकडे. एक जात संपत आली की दुसरी बेरीज सावरून धरायची.

जातींमध्ये घडलं तेच खडकांमध्ये घडलं. अ‍ॅबलोन घोळक्यानं राहतात आणि पाणबुड्याला घोळक्यांच्या जागा पाठ असतात. एक खडक रिकामा झाला की तो दुसऱ्यावर जातो. त्याची तासाची पकड तेवढीच राहते, मागं रिकामे खडक वाढत जातात. आकडा घसरायला लागतो तेव्हा उरलेलं थोडंच असतं. जाळ्यात येणाऱ्या तरत्या माशांसाठी घडवलेली गणितं या चिकटून बसणाऱ्या जिवाला लावली गेली, ही खरी चूक. ‘साठा’ हा शब्दही इथं फसवतो. गोदामातला माल एका कोपऱ्यातून उचलला काय नि दुसऱ्यातून काय, हिशेब एकच. अ‍ॅबलोनची अळी मात्र पाण्यात जेमतेम आठवडाभर तरंगते, फार लांब जात नाही. त्यामुळं रिकामा झालेला खडक शेजारच्या भरलेल्या खडकातून सहजासहजी भरून निघत नाही. तो एक साठा नसतोच, शेकडो छोटे साठे असतात.

किमान आकाराचा नियम तेव्हाही होता. अंडी घालण्याइतकं वय झाल्यावरच प्राणी उचलावा, हा त्यामागचा विचार. नियमामागच्या गणितात दर मादीमागे किती अंडी, एवढाच हिशेब असायचा. ती फळतील, हे धरूनच चाललेलं. पण नर आणि मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात, दोघं जवळ असतील तरच ते भेटतं. पांढऱ्या अ‍ॅबलोनची पकड 1972 मध्ये शिखरावर होती, दशक सरेपर्यंत धंदा जवळपास आटोपला. मागं राहिलेले प्राणी जिवंत होते, अंडीही घालत होते, पण एकमेकांपासून फार दूर होते. त्यांची मासेमारी 1996 मध्ये थांबवली आणि 2001 मध्ये ही जात अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आली. समुद्री अपृष्ठवंशीयांमधली ती पहिलीच.

त्यानंतर मोजणीचं केंद्र पकडीवरून घनतेकडं सरकलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला लाल अ‍ॅबलोनची हौशी मासेमारी चालू होती: हवेच्या टाकीशिवाय बुडी मारायची, 178 मिलिमीटरच्या खालचा उचलायचा नाही. कॅलिफोर्निया राज्याच्या 2005 च्या आराखड्यानं तिथं पाण्याखाली आखलेल्या पट्ट्यांत मोजणी करून दर हेक्टरी उंबरठे ठरवले. हेक्टरी 6,600 अ‍ॅबलोनच्या आसपास असले तर मासेमारी चालू, 3,000 च्या खाली गेले तर बंद.

2011 मध्ये सोनोमाच्या किनाऱ्यावर विषारी शैवालानं मोठी मर झाली. 2013 पासून समुद्री साळू खाणारे तारामासे रोगानं मेले, 2014 पासून पाणी तापलं, जांभळे साळू बेसुमार वाढले आणि उत्तरेकडचं नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प, म्हणजे साळू आणि अ‍ॅबलोन दोघंही खातात ते मोठं समुद्री शैवाल, नाहीसं झालं. अ‍ॅबलोन उपाशी मरू लागले. याच वेळी वादाला तोंड फुटलं. घनता मोजणं महाग, त्याऐवजी उचललेल्या शिंपल्यांच्या लांबीवरून अंडी घालण्याची उरलेली क्षमता काढावी आणि मर्यादित मासेमारी चालू ठेवावी, असा प्रस्ताव आला. लांबी मोजायला पट्टी पुरते आणि मासेमारही त्यात सामील होतात, हा मुद्दा खरा आहे. पैसा नसलेल्या किनाऱ्यांना तो मोहात पाडणारच. पण उपासमारीत लहानमोठे सगळेच मरतात. उरलेल्यांच्या लांबीचं प्रमाण ठीकठाक दिसू शकतं, मधलं अंतर वाढलेलं कुणालाच दिसत नाही. 2018 चा हंगाम बंद ठेवण्याचा निर्णय डिसेंबर 2017 मध्ये झाला, आणि बंदी पुढं वाढत गेली. मला तो निर्णय योग्य वाटतो, जरी त्यानं गावोगावची पर्यटनाची मिळकत बुडाली.

दक्षिण आफ्रिकेची अडचण वेगळी. तिथं चोरून काढलेला माल इतका मोठा की त्याचा अंदाज गणितात घातल्याशिवाय उत्तरच येत नाही. 2008 मध्ये बंद केलेली व्यापारी मासेमारी तिथं 2010 मध्ये पुन्हा सुरू झाली. न्यूझीलंड आणि टास्मानियात अ‍ॅबलोनचं वय कवचावरून भरवशानं वाचता येत नाही, म्हणून एका लांबीच्या गटातून पुढच्या गटात किती जातील, अशा शक्यतांवर गणित उभं केलं जातं. त्यातही एका खाडीतला वाढीचा वेग शेजारच्या खाडीला लागू पडत नाही.

ठाणे खाडीत खडकाऐवजी चिखल आहे आणि तिसऱ्या चालून जवळ येत नाहीत. पण त्याही बीज पाण्यातच सोडतात. ओहोटीला दोरी ताणून पट्टा आखायचा, चौकट टाकायची, चौकटीतल्या जिवंत तिसऱ्या मोजून जागच्या जागी ठेवायच्या, रिकाम्या चौकटीही वहीत लिहायच्या. कुठल्या चिखलात पूर्वी पाटी भरायची, हे वेचणाऱ्या बायकांना ठाऊक आहे. आज कुणी जात नाही तिथंही चौकट पडायला हवी.