हर्मिट क्रॅब घेताना शंख नव्हे, पाय पाहा

रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, हर्मिट क्रॅब (उसन्या शंखात राहणारा खेकडा) निवडताना बहुतेकांची नजर आधी शंखावर जाते. पण शंख त्याचा नसतोच. मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात तो राहतो आणि अंग वाढलं की घर बदलतो. त्यामुळे शंखावरून जात कळत नाही. तो बाहेर डोकावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. पाय, डोळे आणि नांग्या नीट पाहा.

निळे पाय, सांध्यांवर नारिंगी-लाल पट्टे आणि दोन्ही नांग्या जवळपास सारख्या असतील, तर तो ‘ब्लू लेग’, म्हणजे क्लिबॅनेरियस ट्रायकलर. कॅरिबियन समुद्रातला हा खेकडा जेमतेम २ सेंटिमीटरचा, फटीतलं शेवाळ आणि उरलेलं खाणं टिपण्यात पटाईत. लालभडक पाय आणि पिवळे डोळे असलेला ‘स्कार्लेट’, म्हणजे पॅगुरिस्टेस कॅडेनाटी, त्याहून शांत. पहिल्यांदाच घेत असाल तर आम्ही हाच सुचवतो. काळ्या पायांवर झगझगीत निळे पट्टे आणि नारिंगी मिशा असलेला कॅल्सिनस एलिगन्स फार देखणा, पण तो अंगाने मोठा होतो; टाकीत गोगलगायी असतील तर जपून.

लाल अंगावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके दिसले, तर तो डार्डानस मेजिस्टॉस. लहान असताना मोह पडतो, पण रीफ टाकीसाठी आम्ही तो कुणालाच देत नाही. पायांवर लांबीच्या दिशेने फिकट रेघा असलेला क्लिबॅनेरियस व्हिटाटस त्याहून फसवा. एकदा मिश्र खेपेतून आलेलं त्याचं इवलंसं पिल्लू आम्हीच ‘ब्लू लेग’ समजून टाकीत सोडलं. काही महिन्यांत आमच्या गोगलगायींचे एकेक करून नुसते शंख उरले. तेव्हापासून प्रत्येक खेकड्याचे पाय पाहिल्याशिवाय आम्ही पिशवी बांधत नाही.

छोट्या, शांत जातीसुद्धा भूक लागली किंवा शंख अपुरा पडला की गोगलगायीवर हात टाकतात. म्हणून दर खेकड्यामागे दोन-तीन रिकामे, थोडे मोठे, न रंगवलेले शंख वाळूवर ठेवा. शेवाळ संपलं की बुडणाऱ्या खाद्याचा एखादा दाणा द्या. नवा शंख सापडला की तो नांगीने आतून चाचपतो, उलटा करून वाळू काढतो आणि मग एका क्षणात आपलं मऊ, वाकडं पोट जुन्या शंखातून काढून नव्यात सरकवतो. हे पाहायला मिळालं तर टाकीपुढून उठू नका!

सकाळी खेकडा मरून पडलेला दिसला तर लगेच टाकून देऊ नका. हलकं, पोकळ आणि वास नसलेलं कवच असेल तर त्याने कात टाकली आहे. अंग कडक होईपर्यंत तो लपून बसेल. माशांसाठीचं तांबेयुक्त औषध मात्र या टाकीत कधीच घालू नका, त्याने खेकडे मरतात. जमिनीवर राहणारे सीनोबिटा गटातले हर्मिट क्रॅबही यात सोडू नका. ते पाण्यात बुडून मरतात.

घरी असलेल्या खेकड्याची जात कळत नसेल, तर पाय आणि नांग्यांचा जवळून काढलेला फोटो घेऊन या. आम्ही ओळखून सांगू.