फेडिव्हर्समधील शोध : बाहेरचा मजकूर आणण्यावरील मर्यादा

मॅस्टोडॉन, प्लेरोमा यांसारख्या संघीय (अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडून चालणाऱ्या) समाजमाध्यमांत, म्हणजे फेडिव्हर्समध्ये, शोधपेटीत दुसऱ्या सर्व्हरवरील खात्याचे नाव किंवा पोस्टचा दुवा टाकला आणि ते स्थानिक डेटाबेसमध्ये नसले, तर आपला सर्व्हर ते मूळ ठिकाणाहून आणतो. ही सोय कोणाला द्यायची, हे ठरवणारी बंधने म्हणजे ही मर्यादा.

खाते शोधताना आधी वेबफिंगरकडे (नावावरून खात्याचा पत्ता सांगणारी सोय) विचारणा होते, मग ॲक्टिव्हिटीपबचा (सर्व्हरांमधील देवाणघेवाणीचा नियमसंच) खातेदस्तऐवज येतो आणि त्यामागून चित्रे. पोस्ट हे उत्तर असेल, तर ज्याला उत्तर दिले त्या पोस्टची साखळीही ओढली जाते. प्लेरोमात या साखळीची खोली मुळात १०० ठेवलेली आहे. आणलेले सारे साठवले जाते. दिसायला हे वाचन असले तरी प्रत्यक्षात ते लेखन आहे. म्हणूनच लॉगिन न केलेल्या पाहुण्याला ते करू देणे घातक ठरते: तो आपल्या सर्व्हरकरवी तिसऱ्याच सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करू शकतो किंवा बेकायदा मजकूर आपल्या साठ्यात आणून ठेवू शकतो.

प्लेरोमात ‘लिमिट टू लोकल कंटेंट’ या सेटिंगला तीन मूल्ये आहेत. आधीपासून ठरलेले (डिफॉल्ट) मूल्य ‘अनऑथेंटिकेटेड’ पाहुण्यांना फक्त स्थानिक खाती व पोस्ट दाखवते. ‘फॉल्स’ बंधन काढते. ‘ऑल’ सर्वांवर ते लादते. ‘ऑल’ शक्यतो निवडू नये. सदस्याला बाहेरचे नवे खाते शोधून फॉलोच करता येत नाही आणि छोट्या सर्व्हरची तर कोंडी होते. सेटिंग्ज डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय चालू असेल, तर तिथले मूल्य सेटिंग्जच्या फाइलमधल्या मूल्यावर मात करते. बदल लागू का होत नाही, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

मॅस्टोडॉन ४.० पासून टोकनशिवाय (लॉगिन केल्याची खूण नसतानाही) शोध चालतो, पण ‘रिझॉल्व्ह’ म्हणजे बाहेरून मजकूर आणणे मागितल्यास ४०१ (लॉगिन हवे) ही त्रुटी मिळते.

नावाने खाते शोधणे आणि दुव्यावरून पोस्ट आणणे हे कोडमधले दोन वेगळे मार्ग आहेत. एकावर पहारा असला म्हणून दुसरा सुरक्षित होत नाही. त्यामुळे टोकनशिवाय दोन्ही विनंत्या करून बाहेर जाणारी जोडणी लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) तपासावी.

सदस्यांच्या शोधासाठी वेगळी काळजी लागते: अंतर्गत (सर्व्हरच्या खासगी जाळ्यातले) आयपी पत्ते नाकारणे, प्रतिसादाच्या आकाराला व वेळेला मर्यादा आणि कंटेंट-टाइपची, म्हणजे आलेला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे याची, पडताळणी. ही पडताळणी मॅस्टोडॉनमध्ये अपुरी होती. कोणी दुसऱ्याच्या सर्व्हरवर अपलोड केलेली बनावट फाइल खरे खाते म्हणून स्वीकारली जाण्याचा धोका होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.२.७ आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली.