वाय-फायच्या कांड्या पूर्ण, म्हणजे इंटरनेट चालू?

ऑफिसात नेट बंद पडलं की कोणीतरी हमखास म्हणतं, “माझ्याकडे तर सगळ्या कांड्या दिसतायत, म्हणजे प्रॉब्लेम वेबसाइटचाच.” तसं नसतं. त्या कांड्या फक्त तुमचा लॅपटॉप आणि वाय-फाय देणारं यंत्र यांच्यातल्या सिग्नलची ताकद दाखवतात. राउटरच्या मागची इंटरनेटची वायर उपटून ठेवली तरी त्या तशाच दिमाखात उभ्या राहतील.

आधी लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख-क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी या सेवेकडून (छोट्या ऑफिसात ती सहसा राउटरमध्येच असते) काही मिळालेलंच नाही. लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता घेतलाय. छोट्या ऑफिसात याचं एक कारण सहज नजरेतून सुटतं: राउटरला वाटपासाठी ठरवून दिलेले पत्ते संपतात. प्रत्येकाचा फोन, प्रिंटर, कॅमेरा, सगळे एकेक पत्ता अडवून बसलेले असतात. मग सकाळी आलेल्यांचं नेट चालतं आणि उशिरा आलेल्यांचं नाही! अशा वेळी वाटपाची मर्यादा वाढवा, किंवा पत्ता राखून ठेवण्याची मुदत कमी करा.

पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे उत्तर येतंय का हे बघायला एक छोटा संदेश पाठवा; मग तसंच ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बहुतेक वेळा गडबड राउटरच्या पलीकडे असते; सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावा. दोन्ही उत्तरं येतात, तरी एकही साइट उघडत नाही? मग पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर, घ्या.