दवाखान्याची पाटी आणि तिच्यामागचा कायदा

वेडा कोण हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न कोल्हापूरला जुना आहे. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. महाराजांच्या छळाबद्दल छापल्यामुळे टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले. मनोविकारशास्त्राची वेगळी पदवी तेव्हा देशात नव्हती. सरकार म्हणेल तो वेडा! १९१२च्या कायद्यानेही रुग्णाला दाखल करण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्याच्याच हाती ठेवला.

आजचे तज्ज्ञ एका कायद्यातून आलेले नाहीत, घोळ तिथूनच सुरू होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा डी.पी.एम. ही पदविका केलेला डॉक्टर, सीपीआर म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात भेटतो तो हाच. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांचे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) प्रशिक्षण १९५५ मध्ये बंगळुरूत सुरू झाले, पण त्यांच्या नोंदणीला आधार मिळाला तो १९९२च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्याने. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यांच्या जोडीला मनोविकार परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्तेही आले. नुसत्या समुपदेशकाला त्यात जागा नाही. तो कायद्याच्या यादीत आला थेट २०२१ मध्ये, तोही वेगळ्या, संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या कायद्याच्या.

म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीत दवाखान्याचा जिना चढण्यापूर्वी पाटी नीट वाचावी. नावाआधी ‘डॉ.’ आहे म्हणजे गोळ्या लिहून देता येतात असे नाही, तो ‘डॉ.’ पीएच.डी.चाही असतो. मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. असेल, तर पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. बुद्ध्यांक चाचणी, मानसोपचाराच्या बैठका ही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची कामे. औषध मात्र मनोविकारतज्ज्ञाचेच. फिट येत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे, तो माणूस आणखी वेगळा.

सर्वांत जास्त बिघडते ते मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक या दोघांच्या मधल्या वाटेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी घरचे म्हणतात, ‘काही फरक नाही, त्यापेक्षा समुपदेशन बघू,’ आणि गोळ्या परस्पर बंद होतात. काही आठवडे घेतलेल्या गोळ्या अशा एकदम थांबवल्याने चक्कर, मळमळ, झोपमोड सुरू झाली की दोष जातो औषधाला. समुपदेशन हवे तर गोळ्या चालू ठेवूनच घ्यावे आणि तसे दोघांनाही सांगावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये: सरळ सीपीआरचा अपघात विभाग गाठावा, माणसाला एकटे सोडू नये आणि वाटेतच १४४१६ या ‘टेली-मानस’ सरकारी मदतवाहिनीला फोन लावावा.