गडी म्हणजे दोस्त का नोकर?

‘गड्या आपला गाव बरा’ सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातला गड्या कोण हे कुणी इचारत नाही.

काल्याच्या कीर्तनात पेंद्या, वाकड्या, बोबड्या हे कृष्णाचे गडी, शिदोऱ्या कालवून एकत्र खाणारे. तिथं मालक-नोकर ही भानगडच नाही. सवंगडी, खेळगडी ह्याच घरातले शब्द, आणि बायका एकमेकींना ‘गडे’ म्हणायच्या ते पण. जुन्या कोशांत मात्र चाकर आणि खेळातला जोडीदार हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेत.

खरा गुंता सालगड्याचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात ठेवलेल्या गड्याचा. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावाकडं पाडवा ते पाडवा साल धरायचं. ठरलेली ज्वारी, धोतरजोडी, घोंगडं, पायताण आणि वरनं उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. पाडव्याला ओसरीवर वही उघडायची, हिशेब व्हायचा, आणि उचल फिटलेली नसली की गडी पुढचं साल पण तिथंच. गावात मग कौतुक, ‘लई इमानी गडी, तीस वर्षं एकाच दावणीला’. आता ह्यात इमान किती आणि उचल किती? म्हातारी माणसं म्हणतात गडी घरच्यासारखाच होता, पंगतीला बसायचा. असंल, पण वही मालकाकडंच असायची ना. कर्जापायी माणूस राबवून घ्यायची वेठबिगारी कायद्यानं १९७६ ला बंद झाली. तरी ‘गडी’ म्हटलेलं आज बऱ्याच जणांना टोचतं आणि ते बरोबरच हाय, म्हणून आता ‘शेतात माणूस ठेवलाय’ म्हणतात.

मैदानावर मात्र शब्दाला काय डाग लागला नाही. कबड्डीत सात गडी, एक मेला तर दुसऱ्यानं पॉइंट आणून त्याला उठवायचा, याच्याहून मोठी दोस्ती कुठली. क्रिकेटवाल्यांनी तर विकेटलाच गडी करून टाकलं, ‘चार बाद शंभर’मधल्या ‘चार’पुढं ‘गडी’ गृहीतच.

आणि आता पोरींचं क्रिकेट. सांगलीत वाढलेली पोरगी, स्मृती मानधना, भारताकडनं ओपनिंग करते, पेपरात येतं ‘भारतीय महिला आठ गडी राखून विजयी’, आणि आमच्याकडं गडी म्हणजे पुरुष पण, म्हणून आमची आई दरवेळी इचारते, बायकांच्यात गडी कुठनं आले रे?