टाकीला विरजण लावताना

दोन बाय एक बाय एक फुटाची काचेची टाकी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरी आली, त्याच संध्याकाळी तिच्यात सहा मासे पोहायला लागले होते. दुकानदार म्हणाला होता, "पाणी भरा, ह्या बाटलीतले चार थेंब टाका, झालं." चौथ्या दिवशी सकाळी दोन मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. कल्ले लालभडक. आठवड्याभरात सगळा कारभार आटोपला. पाणी मात्र शेवटपर्यंत नितळ होतं, आणि मला तेच कोडं पडलं होतं.

बाटलीतलं औषध खोटं नव्हतं. गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं. माणसाला ते चालतं, माशाच्या कल्ल्यांना भाजतं. सोडियम थायोसल्फेटचे थेंब ते क्लोरीन क्षणात निकामी करतात. नाहीतर बादली भरून, हवेचा पंप लावून दिवसभर ठेवली तरी ते उडून जातं. पण माझे मासे क्लोरीनने गेलेच नव्हते. ते स्वतःच्याच घाणीत गुदमरले होते.

मासा शरीरातला नायट्रोजनचा बराचसा कचरा कल्ल्यांतून थेट अमोनियाच्या रूपात सोडतो. नदीत तो वाहून जातो, पन्नास लिटरच्या पेटीत जाणार कुठे? पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, तुलनेने सौम्य. दुसरा मुक्त अमोनिया, खरा मारेकरी. कुणाचं प्रमाण किती, ते मुख्यतः पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं. 25 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. जवळपास दहापट! आणि ह्यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून टाकीत घालायचा दगडही पारखून घ्यावा. पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत, आणि नाशिककराच्या शोकेसमध्ये असा एखादा चमकता दगड सापडतोच. खडकातल्या त्याच पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचं खनिजही मिळतं. दगडावर लिंबाचा रस पिळा. फसफसला तर त्यात चुना आहे. तो हळूहळू विरघळून पाणी जड करणार आणि पीएच वर ठेवणार. साधा काळा बेसाल्ट गप्प राहतो, तो बिनधास्त घाला. तांब्याच्या कळशीने मात्र पाणी भरू नका. तांबं माशांना विष, आणि टाकीतल्या गोगलगायींना तर त्याहून जास्त.

अमोनियाचा निकाल लावणारे असतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही घातकच: ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं आणि रक्त तपकिरी पडतं. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. सर्गेई विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले, तेही मातीतून. द्राक्षबागेत टाकलेल्या अमोनियम सल्फेटचं नायट्रेट होतं ते ह्याच जातकुळीच्या जिवाणूंमुळे. टाकीतलं दुसऱ्या टप्प्याचं काम नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. 1998 मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी मत्स्यटाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पिरा हा वेगळाच जिवाणू सापडला. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिरा हाती लागले.

नव्या टाकीत हे लोक जवळपास नसतातच. त्यांना आणायचं, पोसायचं आणि थांबायचं. मी ह्याला विरजण म्हणतो, पण दही रात्रीत लागतं, हे महिन्याने. दह्याचे जिवाणू दुधातल्या साखरेवर तासाभरात दुप्पट होऊ शकतात. हे बिचारे अमोनियातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतात. दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवसही जातो. थंडीत तर आणखी आळशी.

दुसऱ्या खेपेला मी डिसेंबरात टाकी लावली. नाशिकचा डिसेंबर, म्हणून हीटर 26 अंशांवर. फिल्टर आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू, कारण ह्या जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर लागतो. खाद्य म्हणून नवसागर. हो, कल्हईवाला वापरतो तोच, अमोनियम क्लोराइड. फक्त बाजारी खड्याऐवजी प्रयोगशाळेसाठी मिळणारा शुद्ध घेतला. पन्नास लिटरला 0.3 ग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया. आणि विरजण म्हणून शेजारच्या काकांच्या चालू टाकीतला फिल्टरचा स्पंज पिळून घेतला. काका बादलीभर "जुनं पाणी" द्यायला निघाले होते, पण जिवाणू पाण्यात फार नसतात. स्पंजावर, खडीवर चिकटून राहतात. म्हणूनच स्पंज नळाखाली धुणं म्हणजे सगळी वस्ती क्लोरीनने उठवणं. टाकीतलंच पाणी मगात काढून त्यात खळबळून घ्यावा.

आठवडाभर टेस्ट किटच्या नळीत अमोनियाचा हिरवा रंग हलेना. मध्येच पाणी दुधाळ झालं. ते वेगळ्याच जिवाणूंचं काम, आपोआप निवळतं. भाचा रोज विचारायचा, "मामा, रिकाम्या टाकीत काय बघतोस?" बाराव्या दिवशी हिरवा फिकटला आणि नायट्राइटच्या नळीत जांभळा उमटला. तो जांभळा दोन आठवडे ठाण मांडून बसला.

एकतिसाव्या दिवशी रात्री नवसागर टाकला. दुसऱ्या रात्री अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइटची आकाशी. दोन्ही शून्य. सकाळी साठलेलं नायट्रेट काढायला अर्धं पाणी बदललं आणि चारच गप्पी आणले. पिशवी टाकीवर तरंगत असताना भाचा म्हणाला, "आता तरी सोड ना!" अजून वीस मिनिटं, मी म्हटलं. पिशवीतलं पाणी गार होतं.