तीन किलोचा टेरियर

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चिंगी आली तेव्हा आईने तिला तळहातावर घेतलं आणि विचारलं, "अरे, ही जेवते तरी का?" तीन महिन्यांची यॉर्कशायर टेरियर, वजन जेमतेम किलोभर. अंग काळंकुट्ट, भुवयांवर आणि पायांवर तांबूस ठिपके. आज चार वर्षांची चिंगी पाठीवर पोलादासारखी निळसर-करडी आणि डोक्यावर सोनेरी आहे. या जातीची पिल्लं काळीच जन्मतात, रंग मागाहून उतरत जातो.

बाहुलीसारखं रूप बघून लोक फसतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत पोटापाण्यासाठी आले, ते आपले छोटे टेरियर घेऊनच. त्या कुत्र्यांकडे उंदीर मारायचं काम होतं. 'टेरियर' या नावातच लॅटिन 'टेरा', म्हणजे जमीन आहे. बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालक काही सांगू शकत नाही, निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. चिंगीचा हट्टीपणा, खारीमागे धावणं, जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला भुंकणं, सगळं तिथून आलंय. दुसऱ्या महायुद्धात स्मोकी नावाच्या जेमतेम दोन किलोच्या यॉर्कीने फिलिपिन्समधल्या लिंगायनच्या धावपट्टीखालून, सत्तर फूट लांब आणि आठ इंच रुंद नळीतून, संदेशवहनाची तार ओढून नेली होती. ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

काळजीचा विषय निघाला की मात्र सगळं येऊन थांबतं ते तिच्या लहान देहापाशी. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरच्या तुलनेत तीन किलोच्या कुत्र्याला दर किलोमागे दुपटीहून जास्त कातडी असते. म्हणून थंडीत ती लवकर गारठते. आणि मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा बेचाळिसावर गेला की हवाच तिच्या अंगापेक्षा गरम होते, कारण कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. मग उष्णता बाहेर जायची सोडून आत शिरते. धापा टाकून तोंडातलं पाणी उडवणं एवढाच मोठा उपाय तिच्यापाशी असतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तोही लंगडा पडतो. म्हणून आमची फेरी सूर्य वर यायच्या आत. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर तिचे पंजेही तिथे टिकणार नाहीत.

यॉर्कीच्या अंगावर बहुतेक कुत्र्यांसारखी आतली दाट लव नसते, एकच रेशमी थर असतो. केसांची वाढ थांबवणारं एफजीएफ-५ हे जनुक या जातीत बदललेलं असल्यामुळे केस वाढतच राहतात. रोज विंचरलं नाही तर गुंता होतो आणि गुंत्याखाली कातडी सडते. उन्हाळ्यात आम्ही ते आखूड कापतो, पण वस्तरा फिरवत नाही, नाहीतर कातडी उन्हाने भाजेल.

गळ्यात पट्टा मात्र नको. श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या कड्या या जातीत मऊ पडून चपट्या होऊ शकतात, आणि मग बदकाने ओरडावं तसा कोरडा खोकला लागतो. पट्ट्याच्या हिसक्याने तो बळावतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्यावा.

पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा इवलासा, म्हणून दिवसातून चार वेळा थोडंथोडं खायला द्यावं लागतं. चिंगी एकदा जेवण चुकल्यावर थरथरायला लागली, पाय लटपटले. आम्ही हिरड्यांना मध चोळला आणि तसंच तिला डॉक्टरांकडे नेलं. चुकीचं खाणंही इथे जास्त महागात पडतं, कारण तीन किलोच्या देहाला मात्रा फार थोडी पुरते. पोह्यातला कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिऱ्यातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या दिवशी ती प्रसादाच्या पातेल्याजवळ ठाण मांडून बसते. आई शिरा फडताळात वर ठेवते आणि तिच्यापुढे मऊ भात आणि उकडलेल्या गाजराची वाटी सरकवते.